गावच्या वाचनालयातला जुना ठेवा ओमेका एसमध्ये नोंदवताना: दाखल क्रमांकापासून बॅकअपपर्यंत

बहुतेक जुन्या सार्वजनिक वाचनालयांत एक कपाट असे असते, ज्याची किल्ली फक्त कार्यवाहांकडे असते. आत लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या, मोडी कागदांचे रुमाल, एखादा ताम्रपट, गावातल्या कुणी दिलेली नाणी, कडा उडालेले फोटो. शेजारच्या कपाटातल्या पुस्तकांची दाखल नोंदवही चोख असते. या कपाटाची मात्र एखादी अर्धवट यादी असते, आणि तिच्यातली 'पोथी, जुनी, १ नग' ही ओळ नेमकी कोणत्या पोथीबद्दल आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

हा लेख अशा संग्रहासाठी आहे: तीनशे ते तीन हजार वस्तू, दोन-तीन स्वयंसेवक, एक संगणक, पैसे बेताचे. सॉफ्टवेअर म्हणून आम्ही ओमेका एस घेतले आहे. पण या कामात सॉफ्टवेअर बसवायला एक दुपार लागते आणि नोंदी नीट करायला वर्ष. म्हणून लेखाचा अर्धा भाग ओमेका उघडण्याआधीच्या कामाबद्दल आहे. तो गाळून थेट पुढच्या भागाकडे गेलात तर सहा महिन्यांनी परत इथेच यावे लागेल.

ओमेकाच का

ओमेका हे अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्रात २००८ साली सुरू झालेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. ओमेका एस ही त्याची नंतरची, स्वतंत्रपणे लिहिलेली प्रणाली. पहिली पक्की आवृत्ती २०१७ची. एकाच ठिकाणी नोंदी ठेवून त्यांवर हव्या तितक्या वेबसाइट उभ्या करता येतात, आणि प्रत्येक नोंदीतल्या प्रत्येक रकान्याला भाषा लावता येते. मराठी संग्रहाला हे दुसरे फार उपयोगाचे आहे.

दुसरे पर्यायही चांगले आहेत, काम वेगळे आहे एवढेच. कलेक्टिव्हॲक्सेस हे खऱ्या अर्थाने संग्रहालयाचे सॉफ्टवेअर: वस्तू कोणत्या खोलीतून कुठे हलली, कुणाला उसनी दिली, कधी डागडुजी झाली हे सगळे त्यात धरता येते. पण त्याची मांडणी ठरवायलाच जाणकार माणूस लागतो. सरकारी संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅकने बनवलेले 'जतन' आहे. वाचनालयाच्या नोंदींचे सॉफ्टवेअर कोहा तुमच्याकडे पुस्तकांसाठी आधीच असेल. ते पुस्तकांसाठीच ठेवा. कोहात ताम्रपट घालता येतो, पण वजन, लेख, पुष्पिका (पोथीच्या शेवटी लिहिणाऱ्याने केलेली नोंद) यांना जागा शोधता शोधता नोंद विचित्र होते. डीस्पेस प्रबंध आणि कागदपत्रांसाठी उत्तम, मूर्ती आणि भांड्यांसाठी नाही.

ओमेका एसमध्ये वस्तूच्या हालचालीचा इतिहास राहत नाही. हे उणे आधीच माहीत असू द्या. त्यावरचा उपाय पुढे येतो.

पहिले काम: दाखल क्रमांक

क्रमांकाशिवाय वस्तू म्हणजे टोकनाविना चप्पल. पद्धत सोपी ठेवा: वर्ष, त्या वर्षातली कितवी आवक, त्या आवकेतली कितवी वस्तू. २०२५ साली तिसऱ्यांदा कुणी काही दिले आणि त्यातली बारावी वस्तू, तर क्रमांक २०२५.३.१२. जुन्या कपाटातले सगळे, ज्याची आवक माहीत नाही, ते नोंद सुरू केल्याच्या वर्षाची पहिली आवक म्हणून एकत्र घ्या. क्रमांकात वस्तूचा प्रकार घालू नका. 'पो-४५' म्हणून नोंदवलेली वस्तू पुढे वही निघाली की क्रमांकच खोटा ठरतो. जुन्या यादीतला क्रमांक असेल तर तोही वेगळ्या रकान्यात जपा, कारण एखाद्या छापील लेखात त्याच क्रमांकाने तुमच्या पोथीचा उल्लेख असू शकतो. आणि एकदा दिलेला क्रमांक वस्तू हरवली तरी दुसरीला द्यायचा नाही.

क्रमांक वस्तूवर कसा लिहायचा हे साहित्यावर ठरते. कागदावर मऊ टूबी पेन्सिल, लिखाणापासून दूर, शेवटच्या पत्राच्या कोपऱ्यात, हात हलका ठेवून. शाईचे पेन, शिक्का, चिकटपट्टी यांपैकी काहीही नाही. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो आणि मग कागदासकटच निघतो. दगड आणि धातूवर आधी पॅरालॉइड बी-७२ या रेझिनचा ॲसिटोनमधला पातळ थर, तो वाळल्यावर त्यावर बारीक अक्षरांत क्रमांक, वर पुन्हा एक थर. हा थर ॲसिटोननेच पुसता येतो, त्यामुळे वस्तूला कायमचा डाग राहत नाही. पैठणी, शालू, ध्वज असतील तर सुती फितीवर क्रमांक लिहून फीत दोन टाक्यांनी अडकवा. नाण्यावर काहीच लिहायचे नाही. ते आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात आणि क्रमांक पाकिटावर.

तक्ता: संगणकात पहिली नोंद इथे

सुरुवात लिबरऑफिस कॅल्कमध्ये करा. एक ओळ म्हणजे एक वस्तू. रकाने ठरवताना ऑब्जेक्ट आयडी हा मानक नमुना समोर ठेवा. चोरीला गेलेली वस्तू ओळखता यावी म्हणून तो बनवला गेला आणि आज आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषद तो सांभाळते. त्याने विचारलेल्या गोष्टी अशा: वस्तूचा प्रकार, साहित्य आणि बनवण्याची पद्धत, मापे, वस्तूवरचा लेख किंवा खुणा, वेगळेपण दाखवणारी खूण, नाव, विषय, काळ, कर्ता. यातला 'वेगळेपण दाखवणारी खूण' हा रकाना लोक रिकामा सोडतात. समया सगळ्या सारख्याच दिसतात. पण 'खालच्या थाळ्याला डावीकडे अर्धा सेंटिमीटरचा टवका, दांडीवर तिसऱ्या गाठीखाली डाग' एवढे लिहिले की ती समई जगात एकच उरते.

पोथीची चांगली नोंद कशी दिसते ते पाहा:

'भगवद्गीता, पोथी. हातकागद. २४.५ × ११ सेंमी. एकूण ८६ पत्रे, पैकी १ आणि ४७ नाहीत. दर पृष्ठावर ९ ओळी. काळी शाई, दंड आणि अध्यायसमाप्ती हिंगुळात. दोन्ही बाजूंना तांबड्या दुहेरी रेघांचा समास. पत्र ३० ते ४१ उजव्या कोपऱ्यात कसर. पुष्पिकेत शक आणि लेखकाचे नाव.'

हे लिहायला वीस मिनिटे लागतात. दिवसाला दोन तास बसलात तर सहा पोथ्या. अशा गतीने नियोजन करा, वेगाच्या नादी लागू नका.

तक्त्यात नेहमी होणारे घोटाळे चार.

पहिला, जुन्या याद्या. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटमध्ये टंकलेली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. फाँट बसवून ती 'दिसायला' लागते, पण आतून ती मराठी नसतेच, त्यामुळे शोधात कधी सापडणार नाही. आधी ती युनिकोडमध्ये रूपांतरित करा आणि रूपांतरानंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासा. चुका तिथेच होतात.

दुसरा घोटाळा डोळ्यांना दिसतच नाही. 'पायऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात खाली टिंब असलेले ऱ हे अक्षर, हलन्त आणि य. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. एका स्वयंसेवकाने फोनच्या कळफलकावर टंकले, दुसऱ्याने संगणकावर, की 'दऱ्या' शोधल्यावर निम्म्याच नोंदी येतात आणि बाकीच्या हरवल्या असे वाटते. 'ॲ'चेही असेच. एकच पद्धत ठरवा आणि तक्ता आयात करण्याआधी शोधा-बदला वापरून सगळीकडे ती लागू करा.

तिसरा, एक्सेलमधून साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकुराची फाइल) जतन केली की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात, आणि फाइल बंद केल्यावर मूळ परत मिळत नाही. एक्सेल वापरायचेच असेल तर 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा.

चौथा, कॅल्क आणि एक्सेल दोघेही स्वतःची अक्कल चालवतात. '३-४' लिहिले की त्याची तारीख होऊ शकते, '००७'चा ७ होतो. काही टंकण्याआधीच सगळे रकाने 'मजकूर' या प्रकाराचे करा.

एकाच वस्तूला गावोगाव वेगळे नाव असते. नाव या रकान्यात सर्वत्र समजेल तो शब्द, आणि 'स्थानिक नाव' या रकान्यात देणाऱ्याने वापरला तो शब्द, जसाच्या तसा. प्रकारांची यादी मात्र बंदिस्त हवी: पोथी, मोडी कागद, ताम्रपट, नाणे, मूर्ती, वीरगळ, भांडे, दिवा, वस्त्र, शस्त्र, फोटो, नकाशा. वीस-पंचवीस शब्दांत भागते. 'फोटो', 'छायाचित्र' आणि 'तसबीर' असे तीन प्रकार एका संग्रहात नकोत.

मित्या आणि सन

या कामातला सगळ्यात नाजूक भाग हाच आहे. तारखेसाठी दोन रकाने ठेवा. एकात वस्तूवर लिहिलेली मिती अक्षरशः, दुसऱ्यात तिचा इसवी सन. पहिला रकाना कधीही 'सुधारू' नका. तो पुरावा आहे. दुसरा आपला हिशेब आहे आणि हिशेब चुकू शकतो.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत शिकलेले सूत्र वर्षातले साधारण नऊ महिनेच खरे असते. शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. त्यामुळे जानेवारी उजाडल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ची. ७८ मिळवून लिहिले तर १७६० येते. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी. पौष, माघ आणि फाल्गुन या तीन महिन्यांतल्या प्रत्येक कागदाला हा खड्डा आहे, आणि पौष तर दोन्हीकडे पडतो. म्हणून पौषातली मिती जंत्रीत (मित्या आणि इंग्रजी तारखा यांच्या तक्त्यात) पाहिल्याशिवाय लिहू नका.

विक्रम संवतातून ५७ वजा करायचे, जानेवारीपासून संवत संपेपर्यंत ५६. दख्खनी फसली या महसुली सनात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. राज्याभिषेक शकाचे पहिले वर्ष १६७४ साली सुरू झाले, म्हणून त्यात १६७३ किंवा १६७४.

मोडी कागदांत सर्वाधिक भेटतो तो सुहूर सन, आणि तो आकड्यांत नव्हे तर अरबी शब्दांत लिहिलेला असतो. इहिदे म्हणजे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दहा म्हणजे अशर. मग अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया म्हणजे शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. 'इहिदे सितैन मया व अलफ' हे वाचून बेरीज करा: १, ६०, १००, १०००. सन ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०. हा सन मृगात बदलतो, त्यामुळे हे वर्ष १७६०च्या उन्हाळ्याअखेरीपासून १७६१च्या उन्हाळ्याअखेरीपर्यंत चालते. पानिपत याच वर्षात पडते. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे 'सलास' आणि 'सलासीन', 'समान' आणि 'समानीन' यांची गल्लत. शेवटची एक मात्रा हुकली की कागद पंचवीस-तीस वर्षे, कधी त्याहून जास्त सरकतो.

कागदावर फक्त सुहूर सन असेल तर इसवी सनाच्या रकान्यात एक वर्ष लिहू नका, पल्ला लिहा: १७६०/१७६१. ओमेका एसला 'न्यूमेरिक डेटा टाइप्स' हे मॉड्यूल (जोडभाग) जोडले की असा पल्ला ते ओळखते आणि १७६१ शोधले तरी कागद सापडतो. 'अंदाजे अठरावे शतक' असेल तर १७०१/१८००. 'जुने' हा शब्द काळाच्या रकान्यात चालणार नाही. अंदाज बांधता येत नसेल तर रकाना रिकामा ठेवलेला बरा.

फोटो

कागदपत्रांसाठी मूळ प्रत ४०० पीपीआय (दर इंचाला ४०० पिक्सेल), टिफ स्वरूपात, दाबलेली नसलेली. ए-४ आकाराचे एक पान या मापाने सुमारे ४६ एमबी होते. ३० × १२ सेंमीच्या पोथीचे एक पृष्ठ साधारण २७ एमबी, म्हणजे १२० पत्रांच्या पोथीची २४० पृष्ठे सुमारे साडेसहा जीबी. शंभर पोथ्या असतील तर डिस्क किती लागेल ते आधी मोजा.

वेबसाठी त्यातून वेगळ्या जेपीईजी काढा, लांब बाजू ३००० पिक्सेल. टिफ ओमेकात चढवू नका. बहुतेक ब्राउझर ती दाखवत नाहीत आणि सर्व्हर उगाच भरतो.

पहिल्या फोटोत रंगपट्टी आणि मोजपट्टी हवी. पोथीची पत्रे पुस्तकासारखी डावीकडे उलटत नाहीत, लांब कडेवरून वर उलटतात. हे माहीत नसलेला फोटोग्राफर दर दुसरे पृष्ठ उलटे टिपतो. पत्रांक बहुधा पत्राच्या मागच्या बाजूच्या समासात असतो, म्हणून फाइलला नाव देताना पुढची बाजू आणि मागची बाजू यांची गल्लत होते. प्रत्येक पत्राला 'अ' आणि 'ब' धरा, आणि 'ब'वर पत्रांक दिसतोय ना ते पाहूनच पुढे जा. फाइलचे नाव म्हणजे दाखल क्रमांक, मग पत्र, मग बाजू. फाइलच्या नावात इंग्रजी अक्षरे, इंग्रजी अंक, आडवी रेघ एवढेच; म्हणून क्रमांकातल्या टिंबांच्या जागी आडवी रेघ, आणि 'अ', 'ब'च्या जागी a, b. मराठी अक्षरे आणि मोकळ्या जागा नकोत, एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना त्या मोडतात. अंक शून्ये लावून तीन आकडी करा, नाहीतर १ नंतर १० येतो आणि २ त्यानंतर.

फोनने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात. शेतातल्या वीरगळीचा किंवा कुणाच्या देवघरातल्या टाकांचा फोटो तसाच चढवला तर चोराला पत्ता आपणच दिला. वेबप्रत काढताना एक्झिफटूल या प्रोग्रॅमने ही माहिती पुसून टाका.

बसवणे

ओमेका एसला लागते लिनक्स, अपाची हा वेब सर्व्हर, मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस आणि पीएचपी ही भाषा. नेमक्या आवृत्त्या तुम्ही जी ओमेका उतरवाल तिच्या सूचनांत दिलेल्या असतात, त्या तंतोतंत पाळा. सुरुवात वाचनालयातल्याच एका उबुंटू संगणकावर करा. इंटरनेटवर नंतर नेता येते.

रिकामा डेटाबेस बनवताना वर्णसंच 'यूटीएफ-८ एमबी-४' निवडा. मायएसक्यूएलमधला जुना साधा 'यूटीएफ-८' एका अक्षराला तीनच बाइट देतो. देवनागरी त्यात मावते, मोडी मावत नाही. मोडी लिपी २०१४ साली युनिकोडमध्ये आली ती वरच्या पट्ट्यात, जिथे प्रत्येक अक्षराला चार बाइट लागतात. आज तुम्ही लिप्यंतर देवनागरीतच करत असाल, तरी उद्या कुणी मोडीत टंकेल तेव्हा नोंद कापली जाऊ नये.

ओमेकाची झिप उलगडा, 'कॉन्फिग' फोल्डरमधल्या डेटाबेसच्या आयएनआय फाइलमध्ये वापरकर्ता, पासवर्ड, डेटाबेसचे नाव आणि होस्ट भरा, 'फाइल्स' फोल्डरवर अपाचीला लिहिण्याची परवानगी द्या, आणि ब्राउझरमध्ये पत्ता उघडा.

पहिले पान उघडले आणि पुढचे प्रत्येक पान 'सापडले नाही' म्हणाले, तर बहुधा टिंबाने सुरू होणारी एचटीॲक्सेस ही लपलेली फाइल कॉपी करताना मागे राहिली आहे, किंवा अपाचीत 'अलाउ ओव्हरराइड' बंद आहे. फोटो चढतो पण लहान प्रतिमा बनत नाही, तर त्या बनवणारे इमेजमॅजिक बसवलेले नाही. फोटोच चढत नाही, तर पीएचपीची मर्यादा पाहा: मूळ सेटिंगमध्ये एका फाइलला २ एमबी आणि एका वेळच्या एकूण पाठवणीला ८ एमबी एवढीच मुभा असते, आणि तुमची ३००० पिक्सेलची जेपीईजी सहज त्यावर जाते. आयात सुरू केली आणि ती तासभर 'सुरू होत आहे' एवढेच दाखवते, तर ओमेकाला कमांड-लाइनवरचे पीएचपी सापडत नाही. स्थानिक कॉन्फिग फाइलमध्ये त्याचा पूर्ण पत्ता लिहावा लागतो. भाड्याच्या होस्टिंगवर हा त्रास जास्त, कारण वेबसाठीचे पीएचपी एका आवृत्तीचे आणि कमांड-लाइनचे दुसऱ्या असते.

टेम्प्लेट आणि रकाने

ओमेका एसमध्ये डब्लिन कोअर हा, वस्तूंच्या वर्णनासाठी ठरवलेल्या रकान्यांचा मानक शब्दसंग्रह आधीच असतो. 'रिसोर्स टेम्प्लेट' बनवून त्यातले हवे तेवढेच गुण घ्या आणि प्रत्येकाला मराठी नाव द्या. आयडेंटिफायर म्हणजे दाखल क्रमांक, टायटल म्हणजे नाव, अल्टरनेटिव्ह टायटल म्हणजे स्थानिक नाव, मीडियम म्हणजे साहित्य, एक्स्टेंट म्हणजे मापे, डेट म्हणजे लिहिलेली मिती, डेट क्रिएटेड म्हणजे इसवी सनाचा पल्ला, प्रॉव्हेनन्स म्हणजे वस्तू कुणाकडून कशी आली. मूळ मजकुराचे लिप्यंतर बिबो या दुसऱ्या, ग्रंथ-कागदपत्रांच्या शब्दसंग्रहातल्या 'कंटेंट'मध्ये ठेवता येते. तिथे शुद्धलेखन मूळ कागदाचेच ठेवा, आणि शीर्षकात आजचे. दाखल क्रमांक, नाव आणि प्रकार हे तीन रकाने सक्तीचे करा. सगळेच सक्तीचे केलेत तर लोक 'माहीत नाही' आणि 'टिंब' भरून पुढे जातात.

'कस्टम व्होकॅब' मॉड्यूल जोडून प्रकारांची ती बंदिस्त यादी त्यात घाला. आता टंकण्याऐवजी निवडायचे. मराठी मूल्यांना भाषेचा मराठी संकेत लावा. पुढे इंग्रजी शीर्षक जोडाल तेव्हा ते त्याच रकान्यात, त्याच्या संकेतासह बसते.

पोथ्यांसाठी एक टेम्प्लेट, मोडी कागदांसाठी दुसरे, बाकी वस्तूंसाठी तिसरे. तीन पुरेत.

आयात

'सीएसव्ही इम्पोर्ट' आणि 'फाइल साइडलोड' ही दोन मॉड्यूल लागतात. दुसऱ्यामुळे फोटो ब्राउझरमधून एकेक न चढवता सर्व्हरवरच्या फोल्डरमधून उचलता येतात आणि वरची आकारमर्यादाही आडवी येत नाही.

आधी आयटम सेट (नोंदींचे गट) हाताने बनवा: पोथ्या, मोडी कागद, नाणी असे. मग तक्त्यातल्या फक्त दहा ओळींची वेगळी सीएसव्ही करा. त्या दहांत सगळ्यात अवघड नोंदी असू द्या: दोन नावे असलेली, फोटो नसलेली, पल्ल्याची तारीख असलेली. एका रकान्यात अनेक मूल्ये असतील तर त्यांच्यामध्ये उभी रेघ वापरा. स्वल्पविराम वापरलात तर वर्णनातली प्रत्येक स्वल्पविरामाची जागा तुटून एका वाक्याच्या पाच नोंदी होतात. आयात करा, दहाही नोंदी उघडून वाचा. चुकले असेल तर 'मागील आयाती' या पानावर ती आयात पूर्ववत करता येते. हाताने एकेक पुसत बसू नका. तीन-चार फेऱ्या सहज होतात. दहा ओळी निर्दोष झाल्या की मग दोनशे-दोनशेच्या तुकड्या.

फोटो न सापडल्याचा दोष आला तर नव्वद टक्के वेळा कारण एकच: तक्त्यात फाइलचा शेवट लहान लिपीत (jpg) लिहिलेला आणि कॅमेऱ्याने तो मोठ्या लिपीत (JPG) दिलेला. विंडोजला ते एकच वाटते, लिनक्सला नाही.

स्वयंसेवकांना 'ऑथर' ही भूमिका द्या, म्हणजे ते स्वतःच्याच नोंदी बदलू शकतात. तपासणाऱ्याला 'एडिटर'. पूर्ण अधिकाराची खाती दोनच, तीही दोन वेगळ्या माणसांकडे.

काय दाखवायचे, काय नाही

नोंदीतल्या प्रत्येक मूल्याशेजारी डोळ्याचे चिन्ह असते. ते बंद केले की ते मूल्य लॉगिन न केलेल्यांना दिसत नाही. देणाऱ्याचे नाव, पत्ता, विम्याची किंमत यांसाठी ते वापरा. पण त्यावर भिस्त ठेवून वस्तूची कपाटातली जागा ओमेकात लिहू नका. जागा आणि हालचाल यांची वेगळी, इंटरनेटला न जोडलेली वही किंवा तक्ता ठेवा: दाखल क्रमांक, कपाट, कप्पा, तारीख, कुणी हलवली. ओमेकाचे उणे इथे भरून निघते आणि सुरक्षाही सांभाळली जाते.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. नोंद खासगी केली तरी तिचा फोटो 'फाइल्स' फोल्डरमध्ये उघडाच असतो. ज्याच्याकडे त्या फोटोचा थेट पत्ता आहे त्याला तो दिसतो. दाखवायचाच नाही तो फोटो चढवूच नका.

१९७२च्या पुरावस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांवरच्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरची हस्तलिखिते येतात. मूर्ती किंवा चित्रित पोथी असेल तर तिच्या नोंदणीची स्थिती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयातून विचारून घ्या आणि मिळालेला क्रमांक खासगी मूल्य म्हणून भरा. फोटोंच्या बाबतीत, छापील प्रत तुमच्या मालकीची असली तरी ती प्रसिद्ध करण्याचा हक्क फोटोग्राफरचा असू शकतो. भेट घेतानाच दात्याकडून आणि शक्य असेल तर फोटोग्राफरच्या घरून दोन ओळींची लेखी परवानगी घ्या.

बॅकअप

ओमेका चढवलेल्या प्रत्येक फाइलला स्वतःचे लांबलचक, अर्थहीन नाव देते. तुमचे काळजीपूर्वक दिलेले नाव फक्त डेटाबेसमध्ये उरते. म्हणून 'फाइल्स' फोल्डरची प्रत घेतली आणि डेटाबेसची नाही, तर हाती हजारो फोटो येतील आणि कोणता कुणाचा ते कळणार नाही. नेहमी तीन गोष्टी एकत्र घ्या: मायएसक्यूएलडंपने काढलेला डेटाबेस, 'फाइल्स' फोल्डर, 'कॉन्फिग' फोल्डर. डंप काढताना वर्णसंच पुन्हा 'यूटीएफ-८ एमबी-४' सांगा.

टिफच्या मूळ प्रती वेगळ्या सांभाळायच्या. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक गावाबाहेर. प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ बेरीज (फाइलच्या आतल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला ओळख-आकडा) काढून यादी ठेवा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा काढून जुळवा. डिस्क आतून सडायला लागली की फाइलचा आकार तसाच राहतो, नाव तसेच राहते, फक्त ही बेरीज बदलते. जुळली नाही तर दुसऱ्या प्रतीवरून लगेच बदला.

वर्षातून एकदा सगळ्या नोंदी सीएसव्हीत बाहेर काढा आणि ती फाइल छापूनही ठेवा, बांधून, दाखल नोंदवहीशेजारी. त्याच आठवड्यात दुसऱ्या, रिकाम्या संगणकावर ओमेका नव्याने बसवा आणि बॅकअपवरून संग्रह परत उभा करून पाहा. मग तीन गोष्टी तपासा. एकूण नोंदींचा आकडा मूळ संगणकाशी जुळतो का. 'पायऱ्या' शोधल्यावर मूळ संगणकाइतकेच निकाल येतात का. आणि कपाट उघडून हाताला येईल ती एक पोथी घ्या, शेवटच्या पत्राच्या कोपऱ्यातला पेन्सिलीचा क्रमांक वाचा, तो टंका, आणि उघडलेल्या नोंदीतला फोटो समोरच्या पत्राशी ताडून पाहा: पत्र ४७ नाही असे लिहिले आहे, तर ४६ नंतर खरोखर ४८ येते का.